ओढ्यातले किडे बघायचं किट: भिंग एक नंबर, कार्ड मात्र आपल्या कामाचं नाही

ऑनलाइन मिळतं ते ओढ्यातले किडे बघायचं किट मागवलं होतं, सगळा हिवाळा वापरून झालाय म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही, असली किटं दोन-चार जण विकतात आणि आतला माल सारखाच दिसतो. डब्यात काय येतं तर दांड्याची जाळी, पांढरा ट्रे, १०एक्स भिंग, चिमटा, ब्रश आणि किडे ओळखायचं लॅमिनेट केलेलं कार्ड. मी घेतलं ते मुख्यतः स्टोनफ्लायची (मोठा झाला की उडणारा एक किडा, लहानपण पाण्यात काढतो) पिल्लं बघायला, कारण पाण्यात ऑक्सिजन भरपूर असल्याशिवाय ती टिकत नाहीत आणि आपल्या सह्याद्रीतल्या वरच्या ओढ्यांत ती मिळतात हे बऱ्याच ट्रेकर लोकांना माहीतच नसतं.

जाळीची भोकं अर्ध्या मिलिमीटरची, ती बरोबर आहेत. डोहात मारत बसू नका, खळाळ शोधा, जाळीचं तोंड वरच्या अंगाला करून धरा आणि तिच्या पुढचे गोटे पायाने ढवळा, सुटलेलं सगळं वाहत येऊन जाळीत अडकतं. पण दांडा अगदीच भिकार! तीन तुकडे पेचाने जोडायचे आणि जोराच्या पाण्यात जोड हमखास ढिला होणार, शेवटी सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली तेव्हा कुठे थांबला. तसं म्हटलं तर जाळी नसली तरी चालतं, घोटाभर पाण्यातला दगड उचलून उलटा केला की चपटं पिवळट-तपकिरी पिल्लू दगडाला चिकटून आडवं पळताना दिसतं. (दगड परत होता तसाच ठेवा, प्लीज.)

ट्रे चांगला आहे, पांढऱ्यावर हालचाल लगेच कळते, फक्त उथळ असल्यामुळे उन्हात पाणी पटकन तापतं. तापलं की ऑक्सिजन कमी होतो आणि स्टोनफ्लायचं पिल्लू सहाही पाय रोवून जोर मारायला लागतं, अक्षरशः तालमीतल्यासारखं वर-खाली. बघायला मजा वाटते पण ते कल्ल्यांवरून पाणी फिरवायची धडपड असते, तेव्हा लगेच सोडून द्यायचं. आणि त्याच ट्रेमध्ये मेफ्लायची (हाही तसाच पाण्यात वाढणारा, पण वेगळा किडा) बारकी पिल्लं ठेवू नका, आपल्याकडचे बहुतेक स्टोनफ्लाय पर्लिडी कुळातले म्हणजे शिकारी, माझ्यासमोर एकाने एक उचलून फस्त केलं.

आता भिंग. याच्यासाठीच किट घ्या. पिल्लू उताणं झालं की पायांच्या मुळाशी, काखेत म्हणा ना, पांढऱ्या धाग्यांचे झुपके दिसतात, ते त्याचे कल्ले. प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्यासुद्धा स्वच्छ दिसतात, कडेला रंग फाटत नाही.

हे सगळं सांगायचं कारण ते कार्ड. कार्ड म्हणतं दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय, तीन म्हणजे मेफ्लाय, विषय संपला. अहो, पण पश्चिम घाटात एपिओरस नावाचा मेफ्लाय आहे, त्याला दोनच शेपट्या असतात, शिवाय जाळीत शेपट्या तुटतात ते वेगळंच. कार्डावर विसंबलात तर निम्मी ओळख चुकेल. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असतात आणि पायाला नखी एकच, हे दोन मुद्दे छापले असते तर काम झालं असतं. त्याऐवजी चित्र छापलंय पश्चिम अमेरिकेतल्या सॅल्मनफ्लायचं, तो जवळपास ५ सेंमी वाढतो, आपल्या ओढ्यात तो शोधून काय करायचंय? कार्डामागे बीएमडब्ल्यूपीचा गुणतक्ता आहे (कोणते किडे सापडले त्यावरून पाणी किती स्वच्छ ते ठरवायची पद्धत, जास्त गुण म्हणजे स्वच्छ पाणी), तो उपयोगी. पर्लिडी सापडले तर १० गुण, गाळातल्या कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या बारक्या माशीच्या) अळ्यांना २. आमच्या ओढ्यावर वस्तीच्या वर स्टोनफ्लाय मिळाले, वस्तीचं सांडपाणी मिसळतं त्याच्या खाली नुसत्या लाल कायरोनोमिड अळ्या.

पावसाळ्यात हे घेऊन ओढ्यात उतरायचं नाही, लोंढा कधी येईल सांगता येत नाही. अभयारण्यात तर वनखात्याची परवानगी असल्याशिवाय जाळी बाहेरच काढू नका.

डिलिव्हरी वेळेत झाली, पॅकिंग ठीक. शाळेसाठी घेणार असाल तर चार मुलांत एक भिंग पुरत नाही, भिंगं वेगळी मागवा. एकट्यासाठी हवं असेल तर नुसतं भिंग घ्या आणि आइस्क्रीमचा पांढरा डबा वापरा, पैसे वाचतील. पूर्ण किटला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि तो अर्धा पण भिंगामुळे.