खिलार घ्यावा की कृष्णाकाठी?

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत दरवर्षी कुणीतरी हटकतोच, "बैलजोडी घ्यायची आहे, कुठली घेऊ?" माझ्या दावणीला दोन्ही जाती बांधून झाल्यात. आधी सात वर्षं खिलार, आता कृष्णाकाठी.

खिलाराचं अंग म्हणजे पिळलेलं चऱ्हाट. कातडी चिकटलेली, कुठं काही लोंबत नाही, मांडीवर हात फिरवला की टणक लागते. कृष्णाकाठीचं उलट. आखूड पाय, रुंद छाती, गळ्याखाली लोंबती पोळी, हाताला मऊ लागणारं भरीव अंग. म्हणून ढिला समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इकडच्या कृष्णाकाठच्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांकरेज असं रक्त मिसळून ही पैदास केली, ती काळ्या चिकट रानासाठीच.

स्नायूत दोन तऱ्हेचे धागे असतात. एक झटक्यात जोर देतो नि लवकर दमतो, दुसरा सावकाश पण दिवसभर ओढतो. कुठल्या बैलात कुठला किती, हे काही मी मोजलेलं नाही. रानात मात्र फरक दिसतो.

उसाची गाडी रुतली की माझे खिलार एक उसळी मारायचे, दुसरी मारायचे, तिसरीला पाय रोवून उभे. तेही चाललं असतं. पण ऊस भरताना ते उभेच राहायचे नाहीत. मोळी गाडीवर आदळली की चार पावलं पुढं, वर रचणारा माणूस खाली. म्हणजे मोळी द्यायला एक, रचायला एक आणि नुसता कासरा धरायला तिसरा. तिसरा आणायचा कुठून? पोराला शाळा बुडवून उभा केला. एके दिवशी कासरा त्याच्या मुठीतून सरसर गेला, तळव्याची सालटं निघाली. त्या रात्री मी जोडी विकायचं ठरवलं.

कृष्णाकाठी जोडी मानेवर जू असताना रवंथ करत उभी राहते. चाक रुतलं तर मान खाली घालून रेटत राहते, गाडी बोटबोट वर येते.

खाते जास्त, हे खरं. माळरान असेल, लांबचा पल्ला असेल, तर खिलारच बरा म्हणेन. शर्यतीचा नाद असला तर प्रश्नच नाही. फक्त २०२३ ला सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतीला परवानगी देणारा कायदा उचलून धरल्यापासून चांगल्या खोंडाचा भाव विचारायची सोय राहिली नाही. आणि कुठलाही घ्या, बडवला, म्हणजे खच्ची केला, कधी ते विचारा. फार लहानपणी बडवलेल्याची मान नि वशिंड भरत नाही, आणि जू बसतं तिथंच.

कृष्णाकाठीची खरी अडचण म्हणजे जोडीला जोड मिळत नाही, फार थोडे उरलेत. अथणी, जमखंडी, मुधोळ पालथं घालून मला दुसरा बैल मिळाला. तोवर डाव्या अंगाला शेजाऱ्याचा खिलार जुंपला होता. महिनाभर गाडी तिरकीच चालली.