लुथरन चर्चचं प्रीस्कूल, शाळा, उन्हाळी बायबल स्कूल की यूथ ग्रुप : मराठी घराला काय झेपेल?

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे मिसुरी, विस्कॉन्सिन, इलिनॉय, मिनेसोटा या पट्ट्यात घर घेतलं की जवळपास एखादं लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं, चर्च सापडतंच. शेजारी बैठी विटांची शाळा, मागे घसरगुंडी आणि रस्त्याकडेला प्रीस्कूलच्या प्रवेशाची पाटी. मूल तीन वर्षांचं झालं की आपली मंडळी तिथे चौकशीला जातात. ते जवळ असतं, डे केअरच्या मोठ्या साखळ्यांपेक्षा बहुधा स्वस्त पडतं आणि ओळखीतल्या कुणाचं तरी मूल तिथे शिकलेलं असतं. एकदा नाव घातलं की पत्रकं घरी यायला लागतात : बायबल स्कूल, संडे स्कूल (रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग), आठवीपर्यंतची शाळा, बुधवारची संध्याकाळ, यूथ ग्रुप. आणि घरात वाद सुरू होतो.

'चर्चमध्ये पाठवायचं की नाही' असा एकगठ्ठा प्रश्न विचारला तर तो सुटत नाही. इमारत एकच असली, तरी तिथले काही कार्यक्रम वस्तीसाठी चालतात आणि काही उद्याचे सभासद घडवण्यासाठी. कोणता कुठल्या प्रकारातला हे कळलं की निर्णय बराच सोपा होतो.

आधी पाटीवरचं पूर्ण नाव वाचा

लुथरन म्हणजे सगळे एकच, असं नाही. मिसुरी सिनॉड (सिनॉड म्हणजे अनेक चर्चची मिळून संघटना) ही १८४७ साली जर्मन स्थलांतरितांनी उभी केलेली, परंपरेला धरून चालणारी संस्था. शाळांचं मोठं जाळं तिचंच. विस्कॉन्सिन सिनॉड १८५० सालची आणि त्याहून कडक. तिसरी ईएलसीए, म्हणजे इव्हॅन्जेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका. ती १९८८ पासून सुरू झाली आणि तिघांत सर्वांत उदार. तिथे बाई पास्टर असू शकते, मिसुरी आणि विस्कॉन्सिनमध्ये नाही. ईएलसीएकडे प्रीस्कूल भरपूर, पण आठवीपर्यंतच्या शाळा कमी. उन्हाळी निवासी कॅम्प मात्र त्यांचे चांगले. म्हणजे पूर्ण शाळा शोधत असाल तर गाठ बहुतेक मिसुरी किंवा विस्कॉन्सिन सिनॉडशीच पडणार. नावातल्या 'इव्हॅन्जेलिकल' शब्दावरून मात्र काही ठरवू नका. आज अमेरिकेत तो बहुधा कट्टर ख्रिस्ती गटांसाठी वापरतात, इथे तो जुना जर्मन वारसा आहे.

प्रीस्कूल : बिनधास्त, पण चार गोष्टी विचारून

हा कार्यक्रम वस्तीसाठी असतो. वर्गातली बरीच मुलं चर्चच्या सभासदांची नसतात. आठवड्यातून दोन, तीन किंवा पाच दिवस, अर्धा वेळ किंवा पूर्ण वेळ असे पर्याय असतात. धर्म असतो, पण गाण्यांपुरता आणि गोष्टींपुरता : नोहाची नौका, दाविद आणि गल्याथ, आठवड्यातून एकदा चॅपल, म्हणजे सामूहिक प्रार्थनेचा तास. आणि खाण्याआधीची प्रार्थना, 'ये प्रभू येशू, आमचा पाहुणा हो'. ती पहिल्या महिन्यातच तुमच्या जेवणाच्या टेबलावर येते. पोळीचा तुकडा हातात धरून मूल आधी ती म्हणतं, मग आजीनं शिकवलेलं 'वदनी कवळ घेता', आणि दोन्ही म्हटल्याशिवाय कुणाला जेवू देत नाही. माझ्या पाहण्यात तरी यातून कुणाचं काही बिघडलेलं नाही.

डिसेंबरात नाताळचं नाटक असतं. तुमचं मूल त्यात मेंढी होणार. तयारी ठेवा, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर नेमकी कुठली मेंढी आपली, हे सांगावं लागतं.

धर्मांतराची भीती ज्यांना वाटते, त्यांना मी तंजावरची आठवण करून देते. लुथरन मिशनरी १७०६ साली तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले. पुढे त्यांच्यातल्याच श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या हाती तंजावरच्या तुळजाजीराजांनी आपला दत्तक मुलगा, भोसल्यांचा सरफोजी, सोपवला. सरफोजीराजे त्याच्या देखरेखीखाली वाढले, शिकले, आणि त्यांनी गुरूचं संगमरवरी स्मारकही उभारलं. पण हिंदूच राहिले, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. घरात काही असलं की बाहेरचं शिकवणं त्याला पुसून टाकत नाही. घरात काहीच नसलं, तर ती चिंता चर्चबद्दलची नव्हेच.

आता विचारायच्या गोष्टी. पहिली, परवाना. मिसुरी, इंडियाना अशा काही राज्यांत चर्चच्या बालवाड्यांना सरकारी परवान्यातून सूट मिळू शकते. सूट म्हणजे बेकायदा नव्हे, पण मग एका शिक्षिकेमागे किती मुलं, हे तुम्हीच पाहायला हवं. दुसरी, वय आणि शी-शू. डायपर सुटलेलं नसलं तर तीन वर्षांच्या वर्गात बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. तिसरी, खाऊ. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर त्या बायका आपुलकीनं मान डोलावतात, पण मार्शमेलोत आणि गमी बेअरमध्ये जिलेटिन असतं हे त्यांच्या लक्षात येत नाही. कागदावर लिहून द्या. चौथी, आफ्टर केअर. दोघं नोकरी करत असाल आणि शाळा पावणेबाराला सुटत असेल, तर बाकीचं सगळं छान असूनही उपयोग शून्य.

आठवीपर्यंतची शाळा : इथे थांबून विचार करा

प्रीस्कूल आवडलं म्हणून किंडरगार्टन, मग पहिली, असं ओघात वाहत जाणारे पालक मी पाहिले आहेत. ओघात जाऊ नका, कारण शाळेचा हेतू वेगळा आहे. इथे धर्म हा रोजचा विषय असतो, त्याला प्रगतिपुस्तकात ग्रेड असते आणि दर आठवड्याला पाठांतर. खुद्द मार्टिन ल्यूथर यानं १५२९ साली लिहिलेली छोटी प्रश्नोत्तरी, स्मॉल कॅटेकिझम, वरच्या वर्गांत तोंडपाठ करून घेतात : दहा आज्ञा, मग प्रत्येक आज्ञेवर 'याचा अर्थ काय?', मग त्याचं उत्तर.

शिक्षकाचं स्थानही वेगळं. मिसुरी सिनॉडमध्ये काही शिक्षकांना चर्चचं रीतसर 'पाचारण' असतं, म्हणजे धर्मकार्यासाठीची नेमणूक. मिशिगनमधल्या रेडफर्डच्या एका लुथरन शाळेचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा २०१२ साली कोर्टानं एकमतानं सांगितलं की अशी शिक्षिका कायद्याच्या दृष्टीनं धर्मसेवकच ठरते. याच्याशेजारी २०१७ चा निकाल ठेवा. मिसुरीतल्या कोलंबियाच्या लुथरन प्रीस्कूलला जुन्या टायरच्या रबरानं खेळाचं मैदान मऊ करायचं होतं. चर्च म्हणून राज्यानं अनुदान नाकारलं आणि कोर्टानं ते चूक ठरवलं. एक भांडण घसरगुंडीखालच्या खडीचं, दुसरं शिक्षिकेच्या धर्मकार्याचं. प्रीस्कूल आणि शाळा यांतला फरक याहून नेमका मला सांगता येणार नाही.

विज्ञानाचं थेट विचारा. मिसुरी आणि विस्कॉन्सिन या दोन्ही सिनॉडची अधिकृत भूमिका सहा दिवसांत सृष्टी झाली अशी आहे. उत्क्रांती शिकवतात का, कशी शिकवतात, हे शाळेगणिक बदलतं. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते राग मानत नाहीत, सरळ सांगतात. आडपडद्यानं विचारलं तर आडपडद्याचं उत्तर मिळतं.

बदल्यात काय मिळतं? छोटे वर्ग. प्रत्येक शिक्षकाला मुलाचं नाव, त्याच्या भावंडाचं नाव, आजीचं ऑपरेशन कधी झालं हेसुद्धा माहीत. दांडगाईला लगेच आळा. पटसंख्या कमी असली की दोन इयत्ता एका वर्गात बसतात. शांत, स्वतः वाचणाऱ्या मुलाला ते मानवतं, पण गणितात पुढे पळणाऱ्याची अडचण होते. स्पीच थेरपी, विशेष मदत, गणिताचे वेगळे गट यांत पब्लिक शाळा बहुधा वरचढ. स्कूल बस नसण्याचीच शक्यता जास्त.

फीमध्ये सभासद आणि बिगरसभासद असे दोन दर असू शकतात, तुम्ही दुसऱ्यात. विस्कॉन्सिनमध्ये राहात असाल तर सरकारी व्हाउचरची, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारकडून मिळणाऱ्या पैशांची, चौकशी नक्की करा. मिलवॉकीत ही योजना १९९० ची, आणि १९९८ पासून धार्मिक शाळाही तिच्यात आहेत. तिथे एक कलम फार कामाचं आहे : व्हाउचरवर शिकणाऱ्या मुलाच्या पालकांनी लेखी कळवलं, तर शाळेला त्याच्यावर धार्मिक कार्यक्रमांची सक्ती करता येत नाही. पण चॅपलच्या वेळी वर्गात एकटं बसून राहणं आठ वर्षांच्या पोराला किती आवडेल, हेही बघा.

माझं मत : जवळची पब्लिक शाळा बरी असेल तर ती घ्या. ती खरंच वाईट असेल, किंवा मूल गर्दीत हरवणारं असेल, तर लुथरन शाळा चांगली निवड आहे. मात्र रोजचा धर्म 'चालवून घेऊ' अशा मनानं नव्हे, मोकळ्या मनानं स्वीकारता येत असेल तरच. घरी त्याची टिंगल आणि शाळेत त्याचं पाठांतर, असं झालं की मुलाची ओढाताण होते.

उन्हाळी बायबल स्कूल : स्वस्त आणि मजेचं

जून किंवा जुलैमधला एक आठवडा, बहुधा सकाळचे तीन तास, वय चार ते पाचवीपर्यंत. फुकट किंवा नाममात्र फी. दर वर्षी नवी थीम, आणि तिच्यापायी अख्खं चर्च पुठ्ठ्याच्या जंगलानं नाहीतर समुद्रानं भरून जातं. गाणी, हस्तकला, पळापळी आणि रोज बायबलमधली एक गोष्ट. प्रचार आहे का? आहे, उघड आहे, आणि आठवड्यात संपतो. शेवटच्या दिवशी पालकांसमोर गाणी होतात आणि हॉट डॉग असतात. आपला डबा न्या.

खरा फायदा मोठ्या मुलांना होतो. सातवी-आठवीनंतर तीच मुलं मदतनीस म्हणून जाऊ शकतात. बारा कच्च्याबच्च्यांना रांगेत उभं करणं, रडणाऱ्याला आईचा फोन लागेपर्यंत रमवणं, सांडलेलं गोंद पुसणं. सेवेचे तास हवे असतील तर तेही मिळतात, आणि मुलगा घरी आल्यावर धाकट्या बहिणीशी दोन दिवस तरी नीट वागतो.

संडे स्कूल आणि कन्फर्मेशन : आपल्यासाठी नाही

पाहुणे म्हणून कुणी अडवणार नाही, पण हे सभासदांच्या मुलांसाठीच आहे. कन्फर्मेशनचा वर्ग साधारण सातवी-आठवीत चालतो आणि त्याच्या शेवटी मूल सगळ्यांसमोर आपल्या श्रद्धेची कबुली देतं. ते व्रतच आहे, आणि ज्याला ते घ्यायचं नाही त्यानं त्या वर्गात बसणं त्यांच्याही श्रद्धेचा अवमान आहे. मैत्रिणीच्या समारंभाला मात्र जरूर जा. प्रभुभोजनाच्या वेळी मिसुरी सिनॉडमध्ये बाहेरच्यांनी भाकर-द्राक्षारस घ्यायचा नसतो. जागेवर बसून राहिलं तरी चालतं. बऱ्याच ठिकाणी छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं की पास्टर आशीर्वाद देतात.

शिवाय रविवार सकाळ आपल्याकडे आधीच अडकलेली असते, मराठी शाळेत. 'संडे स्कूलला का येत नाही' असं कुणी विचारलं तर मातृभाषेचं कारण खुशाल सांगा, लुथरन माणसाला ते पटायला हवं. नेब्रास्कात १९१९ च्या कायद्यानं आठवी पास न झालेल्या मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी घातली होती. रॉबर्ट मेयर हा लुथरन शाळेतला शिक्षक एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवताना सापडला आणि त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. १९२३ साली सुप्रीम कोर्टानं तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. आज आपल्या मराठी शाळा निर्धास्त चालतात, त्यात त्या मास्तरांचाही वाटा आहे.

यूथ ग्रुप : मुलालाच विचारा

हायस्कूलच्या वयात मित्र बोलावतात : पिझ्झा, व्हॉलीबॉल, गरजूंसाठी अन्नाची पाकिटं भरणं, शेवटी पंधरा मिनिटं बायबल. एखाद्या संध्याकाळी जायला काहीच हरकत नाही. दर बुधवारी जायचं असेल तर त्या पंधरा मिनिटांत काय बोलणं होतं, हे मुलाकडून ऐकून घ्या. उलटतपासणी न करता. दोन्ही मोठ्या संस्थांचे राष्ट्रीय युवा मेळावे असतात, साधारण दर तीन वर्षांनी. ईएलसीएचा २०२४ मध्ये आणि मिसुरी सिनॉडचा २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला झाला. त्यासाठी मुलं वर्षभर गाड्या धुऊन पैसे जमवतात. मेळावा मात्र पूर्णपणे श्रद्धेचा असतो, 'मित्रांबरोबर ट्रिप' म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

इथे, आणि खरं तर प्रत्येक कार्यक्रमात, एक प्रश्न संकोच न करता विचारायचा : स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासली जाते का, आणि मुलांबरोबर नेहमी किमान दोन मोठी माणसं असतात का? चांगल्या चर्चकडे याचं लेखी धोरण तयार असतं आणि ते लगेच दाखवतात. 'आमच्याकडे सगळे ओळखीचेच आहेत' हे उत्तर मिळालं, तर परत फिरा.

प्रीस्कूलचं ठरलं असेल तर शाळा नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच बघून या, आणि वर्ग चालू असताना बघा. पुढच्या वर्षाची नोंदणी बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत उघडते : आधी सभासद, मग ज्यांची मुलं तिथे आहेत ते, मग बाकीचे. तीन वर्षांच्या सकाळच्या वर्गातल्या जागा सगळ्यांत आधी जातात.