दोन मॉनिटरचे रंग जुळवताना : डोळ्यांनी, उपकरणाने की नवी जोडी घेऊन?

आर्वी, दिग्रस किंवा मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याकडे सहसा एक लॅपटॉप आणि त्याला जोडलेला एक मोठा मॉनिटर असतो. हळदीच्या फोटोतील नवरीचा चेहरा एका पडद्यावर पिवळाधमक आणि दुसऱ्यावर गुलाबी दिसू लागला, की अल्बमची फाइल लॅबकडे पाठवताना भरवसा कोणत्या पडद्यावर ठेवावा हे कळेनासे होते. यावर उपाय तीन आहेत आणि त्यांची किंमत जितकी वेगळी, तितकीच त्यांची मर्यादाही वेगळी आहे.

पहिला उपाय बिनपैशाचा, म्हणजे मॉनिटरच्या बटणांनी डोळ्यांदेखत रंग जुळवण्याचा. दोन्ही पडदे अर्धा तास सुरू ठेवावेत, नाइट लाइट (पडदा पिवळसर करणारी सोय) आणि आपोआप बदलणारा कॉन्ट्रास्ट बंद करावा, मॉनिटरमध्ये एसआरजीबी (पडद्यांसाठी ठरवलेली रंगांची सर्वमान्य मर्यादा) मोड असल्यास तो निवडावा आणि एकच करडे चित्र दोन्ही पडद्यांवर अर्धे-अर्धे येईल असे सरकवून ठेवावे. मग जो पडदा अधिक उजळ असेल त्याचा ब्राइटनेस उतरवावा. त्यानंतर लाल, हिरवा आणि निळा यांपैकी जो रंग जास्त वाटेल तो कमी करावा. कमी पडणारा वाढवू नये, कारण त्याने उजळ भागातील तपशील पुसला जातो. लॅपटॉपला अशी बटणे नसतात, त्यामुळे बाहेरच्या मॉनिटरलाच लॅपटॉपकडे आणावे लागते, मग तो कितीही चांगला असो. उन्हाळ्यात दुकानासमोर हिरवी जाळी बांधलेली असेल, तर हे काम रात्री करावे. जाळीतून आलेल्या हिरवट उजेडाला सरावलेला डोळा पांढऱ्याचा अंदाज हमखास चुकवतो. एवढे केल्यावर पांढरा आणि करडा बऱ्यापैकी जुळतात, मात्र शालूचा गडद लाल जुळेलच असे नाही.

दुसरा उपाय कलरीमीटरचा. हे छोटे उपकरण पडद्यावर टेकवून ठेवले, की सॉफ्टवेअर एकामागून एक रंगाचे ठिपके दाखवते, उपकरण ते मोजते आणि प्रत्येक पडद्याचे स्वतंत्र प्रोफाइल, म्हणजे त्या पडद्याचे रंग कसे सुधारायचे हे संगणकाला सांगणारी फाइल, तयार होते. छपाईच्या कामासाठी पांढऱ्याची छटा 6500 केल्विन, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची चढण) 2.2 आणि पडद्याचा उजेड 80 ते 120 निट्स (उजेड मोजण्याचे एकक) एवढे लक्ष्य दोन्हीकडे सारखे ठेवावे. डिस्प्लेकॅल आणि आर्गिल सीएमएस ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. उपकरण मात्र नव्या साध्या मॉनिटरइतके किंवा त्याहून महाग पडते. पण त्याचे काम कधीतरीच असते, त्यामुळे तालुक्यातील तीन-चार स्टुडिओंनी मिळून एक घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. तरीही जो रंग पॅनेल (पडद्याचा चित्र दाखवणारा भाग) दाखवूच शकत नाही, तो प्रोफाइल आणून देऊ शकत नाही. स्वस्त लॅपटॉपचे पॅनेल अनेकदा एसआरजीबीच्या 60 टक्क्यांच्या आसपासच रंग दाखवते. शिवाय दोन पडद्यांचे बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे) वेगळ्या प्रकारचे असतील, तर मोजमाप सारखे येऊनही पांढरा डोळ्यांना किंचित वेगळा दिसतो. तेव्हा शेवटचा हात डोळ्यांनीच फिरवावा लागतो.

तिसरा उपाय एकाच मॉडेलचे दोन आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसा न बदलणाऱ्या पॅनेलचे) मॉनिटर घेण्याचा. सुरुवातीला फरक कमी असतो, पण नसतोच असे नाही, आणि एक पडदा जास्त वापरला गेला की तो वाढतो.

निर्णयापूर्वी एक छोटी चाचणी करावी. पडद्यावर चेहऱ्याचा फोटो उघडून खुर्चीवरून उभे राहावे. उभे राहताच त्वचेचा रंग किंवा गडदपणा बदलत असेल, तर ते पॅनेल टीएन प्रकारचे (पाहण्याचा कोन बदलताच रंग बदलणारे) असण्याची दाट शक्यता आहे आणि त्यावर कलरीमीटरचा खर्च करण्यात अर्थ नाही. ते पैसे आधी एका चांगल्या आयपीएस मॉनिटरसाठी वापरावेत आणि रंगाचे काम त्याच पडद्यावर करून लॅपटॉपवर फक्त फाइलींची यादी ठेवावी. दोन्ही पॅनेल ठीक असून लग्नाच्या अल्बमचे काम नियमित असेल, तर भागीदारीतील कलरीमीटर घ्यावा. पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन अर्ज एवढाच व्यवसाय असेल, तर बटणांनी केलेली जुळणी पुरेशी आहे.