रिहायड्रेटेड: अनेक महिने खेळून झाल्यावर, मुख्यतः बस स्टॉपबद्दल

कंट्रोलरची डावी स्टिक कामातून गेली. हात लावला नाही तरी स्पंजबॉब आपला डावीकडे चालत सुटतो आणि थेट कड्यावरून खाली. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं: वॉरंटीत बसत नाही, नवीन घ्या. घेणार नाही. घरात दुसरा कंट्रोलर जवळजवळ कोरा पडलाय. तो कोरा का राहिला, त्याचाच हा राग.

'बॅटल फॉर बिकिनी बॉटम' हा स्पंजबॉब कार्टूनवरचा व्हिडिओ गेम मूळचा २००३चा, 'रिहायड्रेटेड' ही त्याची २०२०ची नवी आवृत्ती. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. स्पंजबॉब आणि पॅट्रिक म्हणजे एकमेकांशिवाय पान न हलणारे दोस्त, म्हणून दुसरा कंट्रोलर आणला. पण मुख्य खेळ एकट्याचाच! दोघांसाठी वेगळा होर्ड मोड आहे. रोबोटांच्या लाटा येतात, झोडत बसा. पोरांना त्याचा लगेच कंटाळा आला.

त्यात स्पंजबॉब, पॅट्रिक आणि त्यांची मैत्रीण सँडी खार अशी तीन पात्रं आलटून पालटून खेळायची, आणि पात्र बदलायला खेळातला बस स्टॉप गाठायचा. पॅट्रिकशिवाय कलिंगड उचलून फेकता येत नाही, सँडीशिवाय दोरीने पलीकडे झेपावता येत नाही. जेलीफिश फील्ड्स या टप्प्यात पॅट्रिक मिळतो, डाउनटाउनच्या टप्प्यात सँडी. आलात तेवढे मागे चालत जा, बदला, परत या. एक बटण दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हे मी बरेच दिवस बडबडत होते. मग धाकटीने नियम काढला: बस स्टॉपवर पात्र बदललं की कंट्रोलरही दुसऱ्याच्या हातात. भांडणं मिटली, मीही गप्प. बटण असतं तर दर मिनिटाला हिसकाहिसकी झाली असती. आता थोरला बस स्टॉप दिसला की लांबून वळसा घालतो, ती गोष्ट वेगळी.

बाकी पैसे वसूल. जीव हृदयांत नाही, चड्ड्यांत मोजतात. मार बसला की एक चड्डी कमी, यावर अजूनही हसणं चालू आहे. चमकत्या वस्तू खेळातच मिळतात, त्या मोजून स्पंजबॉबच्या मालकाकडून, मिस्टर क्रॅब्जकडून, सोनेरी उलथनी घ्यायची. खऱ्या पैशांचं दुकान आत नाही. उलथनी एकूण १००, शेवटच्या लढाईला ७५ पुरतात. पॅट्रिकचे हरवलेले ८० मोजे मात्र जीव खातात. दहा शोधून दिले की एक उलथनं, त्यातही तो उपकार केल्यासारखा देतो.

पुढचा 'द कॉस्मिक शेक' (२०२३) घ्यावा का? तिथे पॅट्रिक फुगा होऊन स्पंजबॉबसोबत तरंगतो, त्याला खेळवताच येत नाही. म्हणजे अदलाबदल नाही, बस स्टॉपचा तोडगाही नाही. सेलमध्ये आला तरी आमच्याकडे येणार नाही.