निर्यात-नियंत्रण तपासणी सेवा: वस्तूंच्या बाबतीत चोख, तंत्रज्ञानाच्या बाबतीत अपुरी

नागरी उपयोगासाठी बनवलेल्या, परंतु लष्करी कामातही वापरता येणाऱ्या वस्तूंना निर्यात परवाना लागतो का, हे तपासून देणारी एक ऑनलाइन सेवा आम्ही निर्यात विभागात नियमितपणे वापरतो. वासेनार व्यवस्थेच्या (पारंपरिक शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यातीबाबत देशांनी केलेल्या समझोत्याच्या) दोन्ही याद्या, क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, अण्वस्त्र व रासायनिक पदार्थांविषयीच्या याद्या आणि निर्बंधित व्यक्ती-संस्थांची नावे ती एकत्र तपासते.

यादी तपासण्याचे तिचे काम खरोखर चांगले आहे. धातू कापून घडवणाऱ्या मिलिंग मशीनचे नाव भरले की ती लगेच उत्तर देत नाही. एकाच वेळी किती अक्षांवर नियंत्रण होते आणि स्थाननिश्चिती किती अचूकतेने पुन्हा साधली जाते, हे आधी विचारते. हा आग्रह योग्यच आहे. तोशिबा मशीन या जपानी कंपनीने 1980च्या दशकात सोव्हिएत संघाला पाणबुड्यांचे पंखे घडवू शकणारी नऊ अक्षांची यंत्रे विकली, तेव्हा परवान्याच्या अर्जात ती दोन अक्षांची साधी यंत्रे म्हणून दाखवली होती. यंत्राचे नाव नव्हे, त्याची क्षमता नियंत्रित असते, हे या सेवेच्या रचनाकारांना नीट उमगले आहे. स्पार्क गॅप या उच्च दाबाच्या विद्युत स्विचचेही तसेच: मूतखडे फोडणाऱ्या यंत्रात आणि अण्वस्त्राच्या स्फोटयंत्रणेत हा भाग सारखाच चालतो, त्यामुळे तेथे ती अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र मागते.

अडचण सुरू होते ती वस्तू नसलेल्या हस्तांतरात. नियंत्रित यंत्राचा आराखडा ईमेलने पाठवणे किंवा परदेशातील सहकाऱ्याला सर्व्हरवर प्रवेश देणे, हेही युरोपीय संघाच्या 2021च्या नियमावलीनुसार निर्यातच ठरते. अमेरिकी नियम तर आणखी पुढे जातात आणि देशाच्या हद्दीतच परदेशी नागरिकाला नियंत्रित तंत्रज्ञान दाखवणे हीदेखील निर्यात मानतात. या सेवेत मात्र प्रत्येक नोंदीसाठी सीमाशुल्क संकेतांक आणि मालाचे वजन भरणे सक्तीचे आहे. आराखड्याचे वजन किती भरायचे? आम्ही शून्य भरले, तर अर्जच पुढे सरकेना. विक्रेत्याच्या मदत कक्षाने ‘एक ग्रॅम भरा’ असा सल्ला दिला. कायदेशीर नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या बाबतीत तो मला धक्कादायक वाटला.

युद्धाशी संबंधित भाग त्याहून कच्चा आहे. गंतव्य देश शस्त्रव्यापार कराराचा (पारंपरिक शस्त्रांच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) पक्षकार असला की पडद्यावर हिरवी खूण उमटते. 2014 मध्ये लागू झालेल्या या कराराचे बंधन निर्यातीला परवानगी देणाऱ्या राज्यावर असते. ती शस्त्रे वंशसंहारात किंवा जिनिव्हा करारांच्या गंभीर उल्लंघनांत वापरली जातील हे ठाऊक असताना परवानगी देण्यास कलम 6 मनाई करते, तर कलम 7 जोखमीचे मूल्यांकन करायला लावते. खरेदीदार देशाने सही केली आहे, एवढ्यावरून व्यवहार निर्धोक ठरत नाही.

शिवाय, परवान्याची तारीख संपेपर्यंत ही सेवा जुना व्यवहार पुन्हा तपासत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने एफ-35 लढाऊ विमानांचे सुटे भाग इस्रायलला पाठवणे थांबवण्याचा आदेश नेदरलँड्स सरकारला दिला. 2025 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीचा आदेश तसाच कायम न ठेवता सरकारला परवान्याचा फेरविचार करायला लावले. युद्धस्थिती पालटली की आधी दिलेला परवानाही वादात येऊ शकतो, आणि याची सूचना देणारी सोय या सेवेत नाही.

नावांची तपासणी वेगवान आहे, वर्णलेखनातील फरकही ती बऱ्यापैकी पकडते. यंत्रे आणि सुटे भाग पाठवणाऱ्या विभागाने ती जरूर घ्यावी. आराखडे, सॉफ्टवेअर किंवा तांत्रिक साहाय्य पुरवणाऱ्यांनी मात्र करार करण्यापूर्वी असा एखादा व्यवहार विक्रेत्याकडून आपल्यासमोर नोंदवून घ्यावा.