हेडलाइटमध्ये पाणी: कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलेली दुरुस्ती

रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितेय. हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरते म्हटलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी म्हणतं हेअर ड्रायर मार, कुणी म्हणतं बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या आत टाक, तर एका महाभागाने खालून ड्रिलने भोक पाडायला सांगितलं होतं. मी शेवटी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या दुकानातून काम करून घेतलं आणि ते टिकलं. दुकानाचं नाव देत नाही, कारण लिहू का विचारल्यावर मालक म्हणाले, "नाव कशाला ताई, आधीच गाड्या लावायला जागा न्हाई." नाव नसलं तरी ते काम कसं करतात हे वाचून ठेवा. तुमच्या गावातला वायरमन तसं करतोय की नाही, ते ताडून बघता येईल.

माझी फिरतीची नोकरी, गाडी सेकंडहँड. डाव्या हेडलाइटमध्ये नुसती वाफ नव्हती. काचेवर टपोरे थेंब आणि ब्रेक मारला की तळाशी पाणी हललेलं दिसायचं. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलं आणि धुकं आलं की त्या बाजूचा उजेड रस्त्यावर न पडता समोर पांढरा पसरायचा. घाटात डावीकडची कड दिसली नाही तर काय होतं, ते त्या रस्त्याच्या लोकांना सांगायला नको.

गाडी जिथे सर्व्हिसिंगला जाते तिथे आधी सांगितलं, "पावसाळ्यात सगळ्यांनाच होतं मॅडम." नंतर सांगितलं, "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." एकाच काउंटरवर, एकाच माणसाने. गंमत म्हणजे पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. हेडलाइट हवाबंद नसतो. दिवा लावला की आतली हवा तापून फुगते, विझवला की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. ती हवा जाण्यायेण्यासाठी मागे व्हेंट दिलेले असतात, कुठे वाकडी रबरी नळी, कुठे फोमचा तुकडा, कुठे पाणी अडवून हवा सोडणारा पातळ पडदा. कोकणातल्या जुलैत ही ओढलेली हवाच ओलीचिंब असते, म्हणून गार काचेवर कोपऱ्यात धुरकट थर येतो. गाडी चालू लागली, दिवे थोडा वेळ लागले आणि तो गेला, तर काळजीचं कारण नाही. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही हे लिहिलेलं असतं. पण थेंब ओघळत असतील, पाणी साचत असेल, तर ते हवेतून आलेलं नाही. कुठून तरी सरळ पाणीच शिरतंय.

दुकान म्हणजे एक गाळा. पाटीवर बॅटरीच्या कंपनीचं नाव मोठं, दुकानाचं बारीक. मालक साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी हेडलाइटकडे बघायच्या आधी विचारलं, "बल्ब कुणी बदलला हुता का?" आधीच्या मालकाने एलईडी बल्ब टाकून घेतले होते. बॉनेट उघडून त्यांनी दिव्याच्या मागे हात घातला आणि रबराची टोपी काढून माझ्या हातात दिली. एलईडीच्या मागच्या बाजूचा पंखा टोपीत मावत नव्हता, म्हणून कुणीतरी ब्लेडने टोपीच कापली होती. कापही कसा, एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला फाटलेला. "पाणी आत शिरलंय नव्हं, मग वाट कुठनं गावली ते आधी बघायचं. वाळवायचं काय, ते कुणीबी वाळवतंय."

मग बंपर सैल करून दोन्ही दिवे बाहेर काढले. डाव्याच्या व्हेंटच्या नळीत मामांनी तार घातली तर सुकलेली माती भुरूभुरू पडली. रस्त्याची लाल माती असेल असं मला वाटलं, पण मामा म्हणाले, "कुंभारमाशीचं घर." दोन व्हेंटपैकी एक माशीने लिंपून टाकला होता आणि टोपीला भोक. थोडक्यात, हवा खेळायची वाट बंद आणि पाणी यायची वाट उघडी.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडली. टबात पाणी भरलं, दिव्याची मागची भोकं टेप आणि बोटांनी बंद केली, एका नळीतून तोंडाने हवा फुंकली आणि दिवा पाण्यात धरला. डाव्याच्या वरच्या कडेला, काच आणि काळा डबा जिथे जुळतात तिथे, बारीक बुडबुड्यांची ओळ आली. उजवा शांत. मी म्हटलं, उघडताय तर दोन्ही करून टाका. तर म्हणाले, "चांगलं सील कशाला फोडायचं? उजव्याला नुस्ती टोपी बसवा." दुप्पट पैसे मिळत असताना नको म्हणणारा कारागीर मी तरी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

काच आपण म्हणतो, पण ती पॉलिकार्बोनेटची असते, म्हणजे प्लास्टिकच. ती डब्याला ब्यूटिलच्या काळ्या चिकट पट्टीने बसवलेली असते आणि ती पट्टी गरम झाली की सोडते. मामांकडे पत्र्याचा घरी केलेला ओव्हन आहे, आत कॉइल, बाहेर तापमानाचा काटा. शंभरच्या जवळ काटा ठेवून, थोडा वेळ तापवून, कडेच्या क्लिपा उचलत काच हळूहळू ओढली, तर गुळाच्या पाकासारखी काळी तार सुटत गेली. जास्त तापवलं तर डबा वाकतो आणि मग तो दिवा पुन्हा कधीच नीट बसत नाही. जुनं ब्यूटिल खरवडून नवी पट्टी घातली. सिलिकॉन का नाही, विचारलं. ते म्हणाले, व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन आत कधी लावू देऊ नका, त्याच्या वाफेने चांदी काळी पडते. चांदी म्हणजे रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा मुलामा. त्याला त्यांनी फडकंसुद्धा लावलं नाही, फक्त हवा मारली. त्यामुळे पाण्याचे जुने डाग राहिलेत. पुसले असते तर डागांबरोबर मुलामाही गेला असता, हे मला पटलं.

एलईडी काढून साधे ६०/५५ वॉटचे एच४ हॅलोजन घालायला सांगितले. मला आधी ते पटेना, पांढऱ्या उजेडाची सवय झालेली. पण कारण ऐकण्यासारखं आहे. हॅलोजनची बरीचशी उष्णता पुढे काचेवर पडते आणि ओल वाळते. एलईडीची उष्णता मागे पंख्याकडे जाते, काच गारच राहते. शिवाय अख्खी टोपी फक्त हॅलोजनलाच बसते.

सिलिकाच्या पुड्यांबद्दलही विचारून घेतलं. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की संपलं, तापवून वाळवेपर्यंत त्यांचा उपयोग नाही. आणि मागची टोपी फाटलेली असताना पुडी ठेवणं म्हणजे रत्नागिरीची अख्खी हवा वाळवायला घेणं. पुडी घसरून हॅलोजनच्या गरम बल्बला टेकली तर वेगळीच पंचाईत.

आता तक्रारी. दुपारी देतो म्हणाले ती गाडी दिवेलागणीला मिळाली. बसायला एक स्टूल, त्यावर आधीच कुणीतरी बसलेलं. पावती मागितल्यावर वहीचं पान फाडून लिहून दिली, गॅरंटी तोंडी. आणि मोठी तक्रार म्हणजे दिव्याचा फोकस. हेडलाइट काढून बसवला की त्याची उंची पुन्हा जुळवावी लागते. मामांनी ती समोरच्या गोडाऊनच्या भिंतीवर नजरेनं जुळवली. मलकापूर येईपर्यंत समोरचे ट्रकवाले मला डिपर मारत होते, लो बीमवर असताना. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत तो नीट करून घ्यावा लागला. एवढं निगुतीने काम करणाऱ्याने शेवटचा हात असा फिरवावा, याचं वाईट वाटलं. तुम्ही गेलात तर अंधार पडायच्या आत निघायची घाई करू नका. अंधारातच भिंतीवर दोन्ही बाजूंची उजेडाची रेघ सारखी आहे का, ते स्वतः बघा.

पैसे म्हणाल तर डावा उघडून सील करायचे नऊशे, दोन्ही टोप्यांचे तीनशे, बल्ब वेगळे. एका बाजूच्या नव्या असेंब्लीचा जो भाव मला सांगितला होता, त्याच्या पाव खर्चातही हे बसलं. त्यानंतरचा सगळा पाऊस काढला. गाडी धुतली की डाव्या कोपऱ्यात अजून पुसट वाफ येते आणि दिवे लावल्यावर जाते. तेवढी यायचीच. घाटात डावी कड दिसते. पाचपैकी चार, एक गुण फोकसचा कापला.

सगळ्यांनी जावं असं मात्र नाही. गाडी वॉरंटीत असेल तर उघडू नका, कंपनीच्या मागे लागा, आणि थेंबांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. काचेलाच तडा असेल तर सील करून उपयोग नाही. काही नव्या गाड्यांचे दिवे कडक गोंदाने चिकटवलेले असतात, ते तापवूनही सुटत नाहीत. अशा गाड्या मामा स्वतःच परत पाठवतात. आणि जाताना गाडी धुवून नेऊ नका. पाणी कुठून ओघळलं, ते त्यांना सुकलेल्या मातीच्या रेघांवरून अर्धं आधीच कळतं.