बडोद्यात गच्चीवर सोलर : पॅनेलं, कोटेशन आणि टाकीची सावली

सोलर घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुठल्या कंपनीचं?" आमच्याकडेही तेच. ह्यांचा ओढा अदानीकडे, दीर म्हणाले डोळे मिटून टाटा घ्या, समोरच्या बेन वारी (Waaree) कंपनीवर खूश. बसवून पहिला हिवाळा काढल्यावर माझं मत असं की कंपनीचं नाव हा सगळ्यात शेवटी सोडवायचा प्रश्न. आम्ही शेवटी वारीची घेतली, शेजारच्या गल्लीत अदानीची आहेत. थंडीत दोघांच्या अ‍ॅपवरचे आकडे ताडून पाहिले, तर किलोवॉटमागे युनिटं जवळजवळ सारखीच. फरक पडतो तो दुसरीकडे.

मी घरूनच जीएसटी आणि टॅक्सची कामं करते. दिवसभर एसी आणि संगणक चालू, आणि कुठलंही कोटेशन हातात आलं की आधी तळाच्या ओळी वाचायची खोड. इथे ती कामी आली. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. सामान 70 टक्के आणि बसवणं 30 टक्के धरून पूर्ण कामावर पूर्वी 13.8 टक्के पडायचा, आता 8.9 पडतो. दिवाळीनंतर आलेल्या एका कोटेशनवर 13.8 च छापलेला. विचारलं तर, "बेन, ए तो जूनुं फॉर्मेट छे." फॉर्मॅट जुनं, पण पैसे मात्र आजच मागत होते. त्यांना तिथूनच आवजो.

दुसरी ओळ डीसीआरची. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी हवी असेल तर पॅनेल भारतात जुळवलेलं असून भागत नाही, आतले सेलही इथेच बनलेले लागतात. त्याला डीसीआर म्हणतात. सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे एकूण 78,000. त्यापुढे गच्ची भरून पॅनेलं लावली तरी रक्कम तेवढीच. बाहेरचे सेल असलेलं पॅनेल स्वस्त पडतं, त्यामुळे एका कोटेशनवर नुसतं "540 वॉट मोनो" लिहिलेलं होतं आणि डीसीआरचा उल्लेखच नव्हता. मी म्हटलं, लिहून द्या. दिलं, पण आकडा वाढवून. माल आला त्या दिवशी टेम्पोतून उतरतानाच सहाही पॅनेलांचे सीरियल नंबर वहीत उतरवून घेतले आणि नंतर प्रमाणपत्राशी जुळवले. मुलं हसत होती. हसू दे.

आता प्रकार. एका विक्रेत्याने टॉपकॉन नावाच्या नव्या प्रकारच्या सेलचं पॅनेल गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला, "उन्हाळ्यात हेच चालतं" म्हणून. लेबलवरचे वॉट हे सेल 25 अंशांवर असतानाचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या पॅनेलमधले सेल 65 अंशांपर्यंत सहज जातात. मोनो पर्क या साध्या, आधीच्या प्रकारात अंशामागे साधारण 0.35 टक्के वीज कमी होते, टॉपकॉनमध्ये 0.30 च्या आसपास. 40 अंशांचा हिशेब लावला तर 14 टक्के घट विरुद्ध 12. टॉपकॉन चांगलंच आहे, झिजतंही थोडं कमी, पण एवढ्यासाठी तो जे जास्त मागत होता ते मला पटलं नाही. आम्ही 540 वॉटची मोनो पर्क, हाफ-कट (सेल अर्धे कापून बसवलेली), दोन्ही बाजूंनी काच असलेली आणि पाठीनेही वीज बनवणारी बायफेशियल सहा घेतली, म्हणजे 3.24 किलोवॉट. बायफेशियलसाठी मात्र मी अडून बसले. इथल्या बहुतेक गच्च्यांसारखी आमचीही पांढऱ्या चायना मोझेकची आहे, दुपारी डोळे दिपतात. तोच उजेड खालून पॅनेलच्या पाठीला मिळतो. अट एकच, पॅनेल उंचावर हवं. जमिनीलगत आडवं टाकलंत तर मागच्या काचेला मिळणार काय, अंधार.

सावलीबद्दल कोटेशन देणाऱ्या सगळ्यांनी मान हलवून "कंई नथी" सांगितलं होतं. बघायला आले होते पाऊस संपता संपता, तेव्हा सूर्य बराच वर असतो. बडोदा 22 अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 44 अंश चढतो. म्हणजे टाकी जेवढी उंच, जवळपास तेवढीच लांब तिची सावली, तीही बाराच्या ठोक्याला. सकाळी नऊला तर ती गच्चीभर पसरते. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात, एकावर सावली आली की सगळ्या माळेला भोगावं लागतं. हाफ-कटमध्ये अर्धं पॅनेल झाकलं तरी उरलेलं अर्धं काम करतं, पण तो काही रामबाण नाही. आम्ही आमची काळी टाकी दक्षिणेकडून उचलून जिन्याच्या खोलीमागे, उत्तरेला नेली. प्लंबरचा खर्च झाला, पण माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत वसूल झालेला खर्च तोच.

ज्याने बसवलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही. पण पॅनेलं ज्यावर बसतात त्या लोखंडी स्ट्रक्चरबद्दल तक्रार आहे. कोटेशनमध्ये 80 मायक्रॉन हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवलेलं), नटबोल्टची जोडणी असं स्वच्छ लिहिलेलं. प्रत्यक्षात दोन पाय लांबीला कमी पडले, तर पोरांनी गच्चीवरच तुकडा जोडून वेल्डिंग मारलं आणि वरून चंदेरी रंग फासला. वेल्डिंगच्या आचेने जस्ताचा थर जळतो आणि पहिल्या पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो. ते दोन्ही पाय मी बदलायला लावले. त्यासाठी बराच धोशा लावावा लागला. शेवटचे दहा हजार नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागेपर्यंत हातचे राखले होते, त्याचा उपयोग झाला.

उंच स्ट्रक्चरचा खरा फायदा उत्तरायणला कळला. खाली नेहमीसारखी उंधियू-जिलेबी, वर पोरांचे पतंग, आणि सावलीत बसायला जागा. मांजा मात्र आकाशातल्या विजेसाठी लावलेल्या वीजरोधकाच्या खांबाला आणि क्लॅम्पना गुंडाळून बसतो. तो ओढून काढू नका, कापून काढा.

ज्यांना वाटतं की लाइट गेली तरी आपलं चालू राहील, त्यांच्यासाठी: राहत नाही. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ग्रिड गेलं की सोलरचा इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. बॅटरीचा खर्च वेगळा. आणि वापरापेक्षा फार मोठं घेऊ नका, उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपल्या खरेदीच्या भावाच्या जवळपासही नसतो.

पॅनेलं धुण्यासाठी नळाला येणारं आजवा तलावाचं पाणी, सकाळी काच थंड असताना, लांब दांडीचा मऊ पोछा. आमच्या एका शेजाऱ्यांनी काटकसर म्हणून आरओचं फेकायचं पाणी वापरलं, त्यात तर सगळे क्षार उतरलेले असतात. काचेवर पांढरे डाग बसलेत ते अजून निघाले नाहीत.

पॅनेलांना पाचापैकी साडेचार. बसवणाऱ्याला तीन. ते पाय पहिल्यांदाच नीट आणले असते तर चार दिले असते.